बुरशीची विकरे तोलून नको, मोजून विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुरशी म्हटले की आपल्याकडे बातमी येते ती पावावरच्या हिरव्या ठिपक्यांची, भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिनची किंवा म्युकरमायकोसिसची. २०२१ मध्ये ज्या म्युकर गणाच्या नावाने सगळा महाराष्ट्र धास्तावला होता, त्याच गणातली रायझोम्युकर मिहेई ही बुरशी दूध जमवणारे विकर (एन्झाइम) देते आणि त्या विकराने जगभर चीज बनते. चीजच्या वेष्टनावर 'मायक्रोबियल रेनेट' असे छापलेले असते, ते बहुधा हेच. बिस्किटाचे पीठ, रेशीम, कातडे, हुमणीवरची फवारणी, प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी अशा अनेक ठिकाणी बुरशीची प्रथिनपाचक विकरे, म्हणजे प्रोटीएज एन्झाइमे, कामाला लागलेली आहेत. लहान उद्योजकांना आणि शेतकऱ्यांना ती आता सहज मिळतात. अडचण एकच आहे. ती किलोवर विकली जातात आणि पाकिटावर अनेकदा त्यांची ताकद लिहिलेली नसते. पत्र त्यासाठीच आहे. लांबले तर काटछाट करावी, फक्त आकडे तेवढे राहू द्यावेत.

बुरशीला तोंड नाही. अन्न शरीराबाहेर पचवायचे आणि विरघळलेले शोषून घ्यायचे, ही तिची रीत. त्यामुळे ती विकरे बाहेर सोडते आणि उद्योगाला ती मिळवण्यासाठी पेशी फोडत बसावे लागत नाही; गाळले की विकर पाण्यात आलेले असते. बुरशी कोणती आणि तिच्याभोवतीचा सामू (पीएच) किती, यावर विकर आम्लात चालणारे निघेल की अल्कात, हे ठरते. म्हणून 'प्रोटीएज, १ किलो' एवढ्या माहितीवर कोणालाच काही करता येत नाही.

चीजचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण गावोगावच्या डेअऱ्या आता मोझरेला करू लागल्या आहेत. दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर कॅपा-केसिनचे केसासारखे टोक असते. वासराच्या जठरातले कायमोसिन नावाचे विकर हे टोक १०५ व १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या मधोमध तोडते. रायझोम्युकरचे विकरही नेमके तिथेच तोडते. टोके गेली की कॅल्शियमच्या साहाय्याने कण जुळतात आणि दूध जमते.

रेनेटची ताकद आयएमसीयू या आंतरराष्ट्रीय एककात मोजतात. १०० लिटर दुधाला साधारण ३,००० ते ५,००० आयएमसीयू लागतात. बाटलीवर 'मिलीमागे २००' असेल तर ४,००० साठी २० मिली पुरे. बाटली ६००ची असेल तर सातच्या आत भागते. आता बाटलीवर आकडाच नसेल आणि कारागिराने सवयीने २० मिली ओतले, तर दूध चाळीसऐवजी दहा-बारा मिनिटांत घट्ट होते. कापायला उसंत मिळत नाही आणि जास्तीचे विकर चीजमध्ये राहून केसिन तोडतच बसते. त्यातून कडू पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, तयार होतात. ताज्या मोझरेलात ते फारसे जाणवत नाही, पण महिनोन्महिने मुरवायच्या चीजमध्ये हमखास जाणवते. कायमोसिनच्या मानाने बुरशीच्या रेनेटची इतरत्र तोडण्याची खोड मुळातच थोडी अधिक असते. त्यामुळे मात्रा चुकली की त्याचा दंडही अधिक.

पद्धत अशी. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चराइझ करून ३२ ते ३५ अंशांवर आणावे. खळखळ उकळलेले किंवा टेट्रापॅकमधले यूएचटी दूध घेऊ नये. त्यात निवळीतली (व्हेमधली) प्रथिने कॅपा-केसिनला जाऊन चिकटलेली असतात, दही मऊ राहते, आणि दोष मात्र रेनेटच्या माथी येतो. पाश्चराइझ केलेल्या गाईच्या दुधाला १०० लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत कॅल्शियम क्लोराइड चालते. म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि केसिन दोन्ही जास्त. त्याला बहुधा कॅल्शियमची गरज पडत नाही, ते लवकर आणि कडक जमते, म्हणून रेनेट कमी घालावे व दही लवकर कापावे. रेनेट वीस-तीसपट थंड पाण्यात मिसळून लगेच घालायचे. हे पाणी उकळून गार केलेले हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काही मिनिटांत विकराचा बराच भाग मारते, आणि पाणी जड व अल्कधर्मी असेल तर उरलेलेही ढासळते. उकळायला वेळ नसेल तर त्या पाण्यात आधी चमचाभर दूध टाकावे, क्लोरीन त्यातच खर्ची पडते. रेनेट घातल्यावर मिनिटभर ढवळून दूध निश्चल ठेवायचे. तीस-चाळीस मिनिटांनी सुरी तिरकी घालून उचलावी. चीर स्वच्छ फाटली आणि निवळी हिरवट-पिवळी, नितळ दिसली की कापायला हरकत नाही. निवळी दुधाळ असेल तर थांबावे, नाहीतर केसिन आणि लोणी निवळीबरोबर वाहून जाते.

आणखी एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. रायझोम्युकरचे मूळ विकर उष्णतेला चिवट असते, निवळी पाश्चराइझ केली तरी ते तग धरते. ती निवळी दूध असलेल्या दुसऱ्या पदार्थात वापरली की तिथले दूध नासते. त्यावर उपाय म्हणून विकराचे ऑक्सिडीकरण करून उष्णतेला हळवा केलेला प्रकार बाजारात असतो. निवळीचे पेय किंवा पावडर करणाऱ्यांनी तोच मागावा. याच्या उलट क्रायफोनेक्ट्रिया या बुरशीचे विकर उष्णतेने पटकन निकामी होते. म्हणून दही पन्नास अंशांपलीकडे तापवावे लागते अशा स्विस धर्तीच्या चीजला ते सोयीचे.

हातातल्या रेनेटची ताकद घरच्या साधनांनी ताडता येते. १२ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर आणि चिमूटभर, म्हणजे सुमारे ०.११ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड १०० मिली पाण्यात विरघळवून अर्धा-एक तास ठेवावे. त्यातले १० मिली परीक्षानळीत घेऊन ३२ अंशांच्या पाण्यात धरावे, १ मिली पातळ केलेले रेनेट घालावे आणि नळी आडवी करून हळू फिरवावी. काचेवरच्या पातळ पापुद्र्यात पहिले कण दिसले ती वेळ. ओळखीच्या ताकदीच्या रेनेटशी तुलना करावी: त्याच पातळीवर वेळ दुप्पट लागला तर ताकद अर्धी. उन्हात राहिलेली बाटली अशीच पकडली जाते.

आता लेबलाकडे येतो. डीएनए वेगळे करताना वापरतात ते प्रोटीनेज-के हेही बुरशीचेच, ट्रायटिरॅशियम अल्बम हिचे. १९७४ साली त्याचे वर्णन झाले आणि केराटिन पचवते म्हणून नावात 'के' आला. त्याच्या एवढ्याशा कुपीवर मिलिग्रॅममागे किती युनिट, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या सामूला मोजले, किती थंड साठवायचे, हे सगळे येते. बेकरीला, डेअरीला किंवा चर्मोद्योगाला जाणाऱ्या पाच किलोच्या डब्यावर मात्र अनेकदा 'हाय ॲक्टिव्हिटी' एवढेच लिहिलेले सापडते. युनिटचा आकडा मोजणीच्या अटींशिवाय निरर्थक असतो. एकाच विकराचा ५० अंशांवरचा आकडा ३० अंशांवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो, आणि चलाख विक्रेता मोठाच छापतो. म्हणून युनिट, सामू, तापमान, मोजणीचे द्रव्य (केसिन, हिमोग्लोबिन की दूध), उत्पादनाची तारीख आणि साठवणीचे तापमान, एवढे डब्यावर सक्तीने असावे. अन्न, वस्त्र आणि शेती या तिन्ही खात्यांनी आपापल्या हद्दीत हे करायला हवे.

बिस्किटवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. बिस्किटाला ग्लुटेन, म्हणजे पिठातले चिवट प्रथिन, मऊ हवे, नाहीतर लाटलेली पट्टी आखडते आणि गोल बिस्किट लांबट निघते. त्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. त्याऐवजी ॲस्परजिलस ओरायझीचे प्रोटीएज चालते. ते सौम्य असते, पिठाच्या सामूला काम करते आणि भट्टीत मरते. पण दोघांच्या वागण्यात मोठा फरक आहे. सल्फाइट लगेच काम करून थांबते, तर विकर वेळ जाईल तसे काम करतच राहते. वीज गेली, कटर अडकला आणि मळलेले पीठ ठरल्यापेक्षा तासभर जास्त पडून राहिले, की ते चिकट लगदा होते आणि रोलरवरून सुटत नाही. म्हणून विकर वापरणाऱ्याने पिठाचे तापमान, विश्रांतीची वेळ आणि एका घाण्याचा आकार या तिन्हींवर आधी ताबा आणावा. उन्हाळ्यात मळण्यासाठी गार पाणी घ्यावे किंवा मात्रा उतरवावी. पावाच्या पिठात हे विकर सढळ हाताने घालणे म्हणजे पाव बसवून घेणे.

कपडे धुण्याच्या पावडरीत असते ते प्रोटीएज बहुतेक बॅसिलस जिवाणूचे, बुरशीचे नव्हे. या क्षेत्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९९०च्या दशकापासून कोनिडिओबोलस कोरोनॅटस या बुरशीच्या अल्कधर्मी प्रोटीएजवर चांगले काम केले आहे. पन्नास अंशांना ते फार टिकत नाही, हा त्याचा कच्चा दुवा. पण गरम पाण्याची यंत्रे युरोपात; आपल्याकडे बहुतेक धुणे नळाच्या साध्या पाण्यात होते, तेव्हा हा दोष इथे कितपत मोजायचा, याचा विचार व्हावा. ग्राहकांनी एवढेच पाळावे: रक्त, दूध, अंडे यांचे डाग आधी गार पाण्याने धुवावेत; विकराच्या पावडरीत कपडे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावेत; उकळते पाणी किंवा क्लोरीनचे ब्लीच त्यात घालू नये. आणि पैठणी, शालू, लोकर अशा पावडरीत मुळीच टाकू नये. रेशीम आणि लोकर ही प्रथिनेच आहेत. विकराला डाग आणि काठ यांतला फरक कळत नाही.

तेच विकर रेशमाला योग्य जागी उपयोगी पडते. कच्च्या रेशमाच्या वजनात २० ते ३० टक्के सेरिसिन हा प्रथिनाचा डिंक असतो. तो काढल्याखेरीज धाग्याला झळाळी येत नाही. रूढ पद्धतीत साबण-सोड्याच्या पाण्यात धागा तासभर जवळजवळ उकळतात. अल्कधर्मी प्रोटीएजने हे काम ५० ते ५५ अंशांवर होते, इंधन वाचते. पण लडी मध्येमध्ये तपासत राहावी लागते. वजनातली घट सेरिसिनच्या अपेक्षित टक्क्यांवर आली की लडी लगेच ऐंशीच्या पुढच्या पाण्यातून काढून विकर मारावे. त्यापुढे गेल्यास आतले फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचे मूळ प्रथिन, दुखावते आणि मागावर धागा तुटतो.

अल्कधर्मी प्रोटीएज जिवंत आहे का, हे पाहायची आमची आवडती चाचणी जुन्या एक्स-रे फिल्मवर होते. फिल्मवरची काळी चांदी जिलेटिनच्या थरात बसलेली असते, आणि जिलेटिन हे प्रथिन. काळ्या भागाचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. १ ग्रॅम विकर १० मिली पाण्यात, चिमूटभर धुण्याचा सोडा घालून, विरघळवावे. त्यातले निम्मे दहा मिनिटे उकळून गार करावे. एका तुकड्यावर साध्या द्रावणाचा थेंब, दुसऱ्यावर उकळलेल्याचा. दोन्ही ओल्या कापसासह झाकलेल्या डब्यात ४० अंशांच्या आसपास ठेवून दर पाच मिनिटांनी एक-एक धुऊन पाहावे. विकर जिवंत असेल तर थेंबाखालचा काळा थर निसटतो आणि निळसर पारदर्शक प्लास्टिक उघडे पडते. उकळलेल्या थेंबाखाली काळेपण तसेच राहायला हवे. तेही निघाले तर ते काम सोड्याचे समजावे, विकराचे नव्हे. रुग्णालयांतल्या जुन्या फिल्ममधून चांदी परत मिळवायलाही हीच क्रिया वापरता येते. कोनिडिओबोलसच्या विकराने सामू १० आणि ४० अंशांवर थर काही मिनिटांत उतरतो, फिल्म जाळून होणारा विषारी धूर टळतो आणि प्लास्टिकही शाबूत हाती येते.

चर्मोद्योगाबद्दल थोडक्यात. चुना आणि सोडियम सल्फाइडने केस काढताना सांडपाण्यात जी घाण जाते, ती विकराने बरीच कमी होते. चुन्यानंतर कातडे मऊ करायला ३५ ते ३७ अंशांवर, सामू ८ ते ८.५ ला प्रोटीएज देतात. कसब आहे ते थांबण्यात. अंगठा दाबल्यावर ठसा तसाच राहिला की काढावे. त्यापुढे कातड्याचा दाणा (पृष्ठभागाचा पोत) सैल पडतो आणि तो कुठल्याही कमावणीने, बाभळीच्या सालीनेही नाही आणि हिरड्यानेही नाही, परत घट्ट होत नाही.

हे विकर आपल्याकडे बनवता येईल का, असे विद्यार्थी विचारतात. गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी वाढवून विकर काढण्याचे पेटंट जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत १८९४ मध्ये घेतले, आणि सांगाडा अजून तोच आहे. कोंडा ओला करून ओलावा ५० ते ५५ टक्क्यांवर आणावा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. १२१ अंशांवर अर्धा तास निर्जंतुक करून गार झाल्यावर बीजाणू मिसळावेत, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर ट्रेमध्ये पसरावा आणि ३० अंशांवर तीन दिवस ठेवावा. थर जाड झाला तर बुरशीच्याच उष्णतेने मधला भाग चाळिशीपलीकडे जातो आणि तिथे वाढ करपते. पहिल्या चोवीस तासांनी एकदा मोकळा करावा. पाणी जास्त झाले तर गुठळ्या होतात, जिवाणू शिरतात आणि अमोनियाचा भपकारा येतो. गूळ किंवा ग्लुकोज घातले तर बुरशी जोमाने वाढते आणि विकर मात्र देत नाही. आयते अन्न असताना ती प्रथिने पचवायच्या फंदात पडत नाही. फार दिवस ठेवले तर कोंडा हिरवागार बीजाणूंनी भरतो आणि विकरे एकमेकांनाच पचवू लागतात. आणि बीज पावावरच्या हिरव्या बुरशीतून कधीही घेऊ नये. ॲस्परजिलस ओरायझी आणि अफ्लाटॉक्सिन करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही सख्खी भावंडे, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पुण्यातच औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. नाव-क्रमांक असलेले बीज तिथून मागवावे.

शेतीतही लेबलाचा प्रश्न आहेच, फक्त वेगळ्या रूपात. ब्युव्हेरिया, मेटारायझियम किंवा नोमुरिया या कीड मारणाऱ्या बुरशी किडीच्या अंगावर बसून रुजतात तेव्हा कातडीतून आत शिरायला आधी प्रोटीएजच सोडतात. कीटकाच्या कवचात कायटिन प्रथिनांत रुतलेले असते, प्रथिने हटल्याशिवाय कायटिनपर्यंत पोचता येत नाही. ब्युव्हेरियाच्या १.१५ टक्के पावडरीवर ग्रॅममागे किमान १० कोटी सीएफयू (रुजू शकणारे बीजाणू) हा आकडा असतो. तो किती बीजाणू रुजतील हे सांगतो, कीड किती मरेल हे सांगत नाही. तीच बुरशी प्रयोगशाळेत बटाटा-साखरेच्या माध्यमावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवली की तिची मारकता उतरते, प्रोटीएज सोडण्याची तयारीही मंदावते, आणि संख्या मात्र भरपूर दिसते. उपाय जुनाच आहे: बीज अधूनमधून जिवंत किडीतून काढून ताजे करायचे. शेवटचे ताजे केव्हा केले, ती तारीख पाकिटावर छापायला काय हरकत आहे?

वापरणाऱ्यांनी लिटरला ५ ग्रॅमचे द्रावण संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना फवारावे. कोरड्या उन्हात बीजाणू रुजत नाहीत आणि अतिनील किरणांनी मरतात. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेले पाकीट विकत घेऊ नये. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम असली बुरशीनाशके आठवडाभर मागेपुढे ठेवावीत. कीड मरायला चार-सात दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी 'लागू पडले नाही' म्हणून रासायनिक फवारा मारला की पैसे दोनदा जातात. जालना, बीड भागातल्या तुती-रेशीम उत्पादकांनी तर ब्युव्हेरिया संगोपनगृहाच्या वाऱ्यालाही येऊ देऊ नये. १८३५ मध्ये इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांना मारणारी बुरशी दाखवून दिली, ती हीच.

डब्यावर धोक्याचीही एक ओळ हवी. विकराची कोरडी पूड श्वासातून गेली की काही कामगारांना कायमचा दमा जडतो. धुण्याच्या पावडरीत विकर मेण-आवरणाच्या दाण्यांत घालतात ते याचसाठी. बेकरीत आणि कातडीच्या कारखान्यात मात्र ती अजून उघड्या पोत्यातून डावाने काढतात. शक्य तिथे द्रवरूप किंवा दाणेदार माल घ्यावा, पूड तोलताना नुसता रुमाल न बांधता कणरोधक मास्क लावावा, आणि सांडलेली पूड झाडून किंवा हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी.

आपले,
किण्वन-तंत्रज्ञानात काम करणारे दोन वाचक, पुणे